शेजारच्या टीमने केलेली चूक आपण परत का करतो?

आमच्याकडे एका वेळी पाच-सहा प्रोजेक्ट चालू असतात आणि प्रत्येक संपला की 'लेसन्स लर्न्ड'ची शीट भरायची असा नियम आहे. भरतात सगळे, वाचत कोणीच नाही. डेटा मायग्रेशनमध्ये, म्हणजे जुन्या सिस्टीममधला डेटा नव्यात हलवण्यात, आत्ता आमचे तीन आठवडे गेले आणि मग कळलं की शेजारच्या टीमने वर्षभरापूर्वी हेच भोगलंय. शीटमध्ये काय, तर "मायग्रेशन लवकर सुरू करावे". बस. ज्याला सगळं माहीत होतं तो माझ्यापासून चार खुर्च्यांवर बसतो, विचारलं तर नीट सांगतो पण आपणहून तोंड उघडणार नाही. उलट दुसरा एकजण येताजाता ज्ञान वाटतो, त्यातलं कामाचं चिमूटभर. मग हे सगळं स्वभावावरच चालतं का?

प्रतिसाद १
स्वभाव आहेच, पण सगळं सांगणाऱ्याच्या माथी मारू नका. स्झुलान्स्कीचा 1996चा अभ्यास आहे, आठ कंपन्यांमध्ये एका विभागाची चांगली पद्धत दुसऱ्या विभागात नेण्याचे 122 प्रयत्न बघितले त्याने. लोक माहिती दाबून ठेवतात म्हणून ती अडते असा सगळ्यांचा समज, पण जास्त वजन निघालं घेणाऱ्याच्या आकलनाला, मग हे नेमकं कशामुळे जमलं ते कोणालाच धड माहीत नसणं आणि दोघांमधले ताणलेले संबंध. घेणाऱ्याचा पायाच कच्चा असेल तर पालथ्या घड्यावर पाणी. आणि "आमचं प्रोजेक्ट वेगळं आहे हो" म्हणणारे सीनियर तर विचारूच नका.

प्रतिसाद २
दाबून ठेवतात हो, मी स्वतः ठेवलंय. माझं टेम्प्लेट एकाने स्वतःच्या नावाने मीटिंगमध्ये दाखवलं, त्यानंतर कोणी विचारलं की मी वेड पांघरून पेडगावला. 2012मध्ये कॉनेली आणि सहकाऱ्यांनी याचे तीन प्रकार सांगितलेत: माहीत नसल्याचं सोंग, टोलवाटोलवी, आणि "साहेबांनी सांगू नका म्हटलंय". मुळाशी बऱ्याचदा समोरच्यावरचा अविश्वास. त्यात अप्रेझलमध्ये एकमेकांशीच तुलना होणार असेल तर कोण कशाला सांगेल!

प्रतिसाद ३
दोघांचंही पटतंय पण करायचं काय? हॅन्सेनने 1999मध्ये एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीतले 120 प्रोजेक्ट अभ्यासले होते. तोंडओळखीतून उपयोगी माहिती कुठे आहे ते सापडतं, पण ती किचकट असेल तर तेवढ्या ओळखीवर हातात येत नाही, त्याला घट्ट संबंध लागतात. म्हणून आम्ही शीटमध्ये उपदेश लिहिणं बंद केलं, काय अडलं होतं आणि कोणाला विचारायचं एवढंच लिहितो. अबोल माणसाला फॉर्म देऊ नका, त्याच्याशेजारी प्रश्न विचारणारा एक बसवा आणि लिहायचं कामही त्यानेच करायचं. बडबड्याचं काय करायचं ते मात्र आम्हालाही अजून सापडलं नाहीये.

धागाकर्ती
आज जाऊन बसले त्याच्याजवळ. पाऊण तास बोलला! जुन्या सिस्टीममध्ये तारखा दोन वेगवेगळ्या फॉरमॅटमध्ये आहेत, रिकाम्या रकान्यात कोणीतरी शून्य भरून ठेवलेत, कुठल्या टेबलला आधी हात लावायचा नाही, सगळं तोंडपाठ. म्हटलं शीटमध्ये का नाही लिहिलंस रे, तर म्हणे "तिथे एकच ओळ मावत होती".