उभयलैंगिक पुरुष आणि मनाचं आरोग्य : अनुभवी मंडळींनो, लिहा

उभयलैंगिक म्हणजे ज्याला स्त्रिया आणि पुरुष दोघांचंही आकर्षण वाटतं. असं सांगितलं की घरचे म्हणतात, ‘लग्न झालं की सुटेल.’ गे मित्र म्हणतात, ‘तुझी अजून खरं बोलायची हिंमत नाही.’ दोन्हीकडून खोटं ठरलेला माणूस नैराश्य अंगावर काढत राहतो. या कामातल्यांनी उपयोगाचं लिहावं.

समुपदेशक, पुणे
अपॉइंटमेंट घेतानाच विचारा : ‘आकर्षण बदलता येतं असं तुम्ही मानता का?’ ‘प्रयत्न करून बघू’ असं उत्तर आलं, तर तिथे जाऊच नका. कन्व्हर्जन थेरपीला, म्हणजे आकर्षण बदलण्याच्या ‘उपचारां’ना, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. चांगल्या मनाचे समुपदेशकही कधी ‘नक्की जास्त कोण आवडतं?’ यातच तास घालवतात, आणि झोप, भूक, दारू, मरणाचे विचार हे सगळं विचारायचं राहून जातं. म्हणून मागच्या दोन आठवड्यांचं हे चार ओळींत लिहून न्या आणि आधी तेच वाचून दाखवा.

मनोविकारतज्ज्ञ
नैराश्यावरच्या एसएसआरआय प्रकारच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. कामेच्छा मात्र त्याआधीच मंदावू शकते. मग कुणी म्हणतो, ‘पुरुषांची ओढ गेली, म्हणजे तो आजारच होता.’ कुणाला बायकोजवळ जमत नाही, तो म्हणतो, ‘म्हणजे मी गेच.’ दोन्ही निष्कर्ष चूक. हा गोळीचा परिणाम असू शकतो, नैराश्याचाही. लाज न बाळगता सांगा. डोस किंवा औषध बदलता येतं. गोळी मनानेच एकदम सोडलीत तर चक्कर येणं, झोप उडणं, डोक्यात शॉक बसल्यासारखं वाटणं असे त्रास होऊ शकतात.
वडील किंवा बायको केबिनमध्ये आली असेल, तर ‘पाच मिनिटं एकट्याने बोलायचंय’ म्हणा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे. फाइल घरी जाते, त्यामुळे तिच्यात काय लिहिलं जाणार हेही विचारून घ्या.

हेल्पलाइन कार्यकर्ता
सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन टेलिमानस : १४४१६, चोवीस तास, मराठीतही. घरात आडोसा नसेल तर गच्चीवरून, पार्किंगमधून बोला.
डेटिंग अ‍ॅपवर ‘घरी सांगेन’ अशी धमकी आली तर पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढतेच. घाबरून चॅट उडवू नका, तोच पुरावा. आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक. पैसे गेलेच असतील तर यूपीआय व्यवहार क्रमांक घेऊन लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

कुटुंब समुपदेशक
बायकोला सांगायचं असेल तर भांडणाच्या भरात नको. आकर्षण कुणाचं वाटतं आणि संबंध कुणाशी ठेवले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वेगवेगळ्याच सांगा. बाहेर असुरक्षित संबंध आले असतील तर ते लपवू नका, तिच्या तब्येतीचा प्रश्न आहे. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी (समुपदेशन आणि तपासणी) केंद्रात एचआयव्ही तपासणी मोफत आणि गोपनीय होते. तिच्यासाठी समुपदेशक मात्र वेगळा शोधा, तुमचाच नको.