टेक्ससमध्ये खंडाने घेतलेल्या रानात हरणाची शिकार आणि घरी बनवलेली रायफल : मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार मंडळी,

टेक्ससमध्ये हरणांच्या शिकारीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो आणि त्याआधी मला एका आमंत्रणाला होकार किंवा नकार कळवायचा आहे. मी ऑस्टिनमध्ये एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. आमच्या कंपनीतून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ गृहस्थ आणि त्यांचे काही मित्र लॅनो काउंटीतले ६४० एकरांचे, म्हणजे बरोबर एक चौरस मैलाचे रान दर वर्षी शिकारीसाठी खंडाने घेतात. त्यांच्यातल्या एकाने प्रकृतीच्या कारणाने यंदा माघार घेतली असून ती जागा त्यांनी मला देऊ केली आहे. वाटा २,४०० डॉलरचा आहे. इथे हा हिशेब दर बंदुकीमागे होतो, त्यामुळे करारात माझा उल्लेखसुद्धा ‘पाचवी बंदूक’ असा आहे.

ज्यांना ही पद्धत ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. टेक्ससमधली सुमारे ९५ टक्के जमीन खाजगी मालकीची आहे, त्यामुळे शिकार करायची तर कोणाच्या तरी कुंपणाच्या आतच करावी लागते. खंड दिल्याने जमीन आपली होत नाही. मिळतो तो ठरलेल्या काळात तेथे शिकार करण्याचा हक्क, आणि मालकाची गुरे त्याच रानात चरत राहतात. मक्याचे दाणे ठरावीक वेळी उधळणारी यंत्रे लावणे खाजगी जमिनीत येथे कायदेशीर आहे. त्या यंत्रांपासून शंभरेक यार्डांवर लाकडी लपण बांधलेले असते आणि त्यात पहाटे जाऊन बसायचे. लॅनोच्या परिसरात पांढऱ्या शेपटीची हरणे इतकी आहेत की ते गाव स्वतःला टेक्ससची हरणांची राजधानी म्हणवते. शिकार करावी की करू नये हा प्रश्न मी माझ्यापुरता सोडवला आहे. कृपया या धाग्यावर त्याची चर्चा नको.

माझी अडचण रायफलीची आहे. हे गृहस्थ आयुष्यभर यंत्रशाळेत काम केलेले आहेत आणि गेली तीस वर्षे स्वतःच्या रायफली स्वतःच घडवतात. माझ्याकडे बंदूक नसल्यामुळे त्यांनी हंगामापुरती आपल्या दोन रायफलींपैकी कोणतीही वापरायला देण्याची तयारी दाखवली आहे. पहिली जुन्या जर्मन लष्करी माउझर ९८ च्या यंत्रणेवर बांधलेली आहे: यंत्रणा कारखान्याची, तिच्यावर क्रमांक कोरलेला, नळी विकत आणून त्यांनी स्वतः बसवलेली, काडतुसाचे घर स्वतः लेथवर कोरलेले, आणि अक्रोडाचा दस्ता हाताने तासलेला. दुसरीचा मूळ सांगाडाही त्यांनी स्वतःच बनवला आहे आणि तिच्यावर कोणताही क्रमांक नाही. दोन्ही .३०-०६ स्प्रिंगफील्ड या काडतुसासाठी आहेत, आणि काडतुसेही ते घरीच भरतात. काम देखणे आहे यात शंका नाही. माउझरचा दस्ता हातात घेतल्यावर तो खाली ठेवावासा वाटत नाही.

तरीही मनात धाकधूक आहे आणि तिचे मूळ बहुधा माझ्या आजोळी असावे. सावंतवाडीजवळच्या आमच्या गावी आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. रानडुकरे भातात उतरली की ती भिंतीवरून खाली येई. बार काढताना आजोबा चेहरा हमखास एका बाजूला वळवत, आणि का म्हणून विचारले की “सवय” एवढेच म्हणत. ती बंदूकही एका कारागिराने घडवलेली होती. ठासणीच्या काळ्या दारूचा दाब त्या मानाने बेताचा असतो. .३०-०६ च्या काडतुसात मात्र तो एका चौरस इंचावर ६०,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो आणि त्या वेळी माझा गाल बोल्टपासून, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या दांड्यापासून, काही इंचांवर असणार आहे.

मला तीन गोष्टींबद्दल सल्ला हवा आहे. एच-१बी व्हिसावर असताना दुसऱ्याची रायफल हातात घेणे कायद्याने चालते का, आणि बिनक्रमांकाच्या रायफलीमुळे त्यात काही फरक पडतो का? घरी बांधलेली रायफल सुरक्षित आहे हे माझ्यासारख्या नवख्याने कसे ठरवावे? आणि ज्या माणसाने इतक्या आपुलकीने स्वतःच्या हातची वस्तू पुढे केली, त्याला ‘ती आधी दुसऱ्या कोणाकडून तपासून घेऊ या’ असे त्याचे मन न दुखवता कसे सांगावे? खरे सांगायचे तर तिसऱ्या प्रश्नानेच माझी झोप उडवली आहे.

— पाचवी बंदूक

प्रतिसाद : पैलतीर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात चूक झाली तर बाकीचे प्रश्न उरतच नाहीत. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास मुळातच मनाई आहे. या मनाईला जे मोजके अपवाद आहेत त्यांतला एक म्हणजे अमेरिकेतील एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. म्हणून आपल्यासाठी परवान्याचा अर्थ केवळ हरीण मारण्याची मुभा एवढा नाही; तो खिशात आल्याशिवाय सरावासाठीसुद्धा रायफलीला हात लावू नका. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही मनाई लागू नाही, त्यामुळे ‘मला तर कोणी कधी विचारले नाही’ असे सांगणाऱ्या मित्रांवर विसंबू नका.

आणखी एक बारकावा अनेकांच्या लक्षात येत नाही. टेक्ससचा वार्षिक परवाना १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या वर्षाचा असतो. पुढे तुम्ही स्वतःची रायफल घेतलीत आणि परवाना नव्याने काढायला विसरलात, तर ३१ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर तीच रायफल, किंवा कपाटात राहिलेली काडतुसांची पेटीसुद्धा, तुमच्याविरुद्धचा पुरावा ठरू शकते. पहिले वर्ष उसनवारीवर काढा, आणि रायफल मालकाच्याच तिजोरीत राहू द्या.

परवाना काढण्याची रीत सोपी आहे. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचे सुरक्षा-प्रशिक्षण सक्तीचे आहे. १७ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला ते घरबसल्या संगणकावर पूर्ण करता येते. सहा महिन्यांहून अधिक काळ सलग टेक्ससमध्ये राहत असाल तर रहिवाशाच्या दराने परवाना मिळतो. बाहेरच्या राज्यातल्यांना तोच कित्येक पट महाग पडतो.

बिनक्रमांकाच्या रायफलीबद्दल : विक्रीचा हेतू नसेल तर स्वतःच्या वापरासाठी बंदूक बनवणे संघीय कायद्याने निषिद्ध नाही आणि टेक्ससचा कायदाही त्याआड येत नाही, त्यामुळे त्या गृहस्थांनी काही गैर केले आहे असे समजू नये. कायद्याच्या दृष्टीने ‘बंदूक’ म्हणजे तो मूळ सांगाडाच असतो, आणि माउझरचा सांगाडा कारखान्याचा, क्रमांक असलेला आहे. म्हणजे माउझर ही कागदोपत्री कारखान्याचीच बंदूक आहे, तिची नळी आणि दस्ता कोणीही बदललेला असो. गेम वॉर्डनला, म्हणजे शिकारीचे कायदे राबवणाऱ्या अधिकाऱ्याला, खाजगी रानातही येऊन तपासणी करण्याचा अधिकार आहे. त्याच्यापुढे उभे राहण्याची वेळ आली, तर व्हिसावरच्या माणसाच्या हातात माउझर असलेली बरी. एकदा इमिग्रेशनच्या वकिलाशीही बोला. २,४०० डॉलर खर्च करणाऱ्याला तेवढी फी जड जाऊ नये.

प्रतिसाद : जुना खटका

मी स्वतः दोन रायफली बांधल्या आहेत, म्हणून दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. ब्रिटनमध्ये प्रत्येक नवी नळी विक्रीआधी लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये जादा दाबाच्या बाराने तपासून तिच्यावर शिक्का मारावा लागतो. अमेरिकेत अशी सरकारी सक्ती नाही. कारखाने आपापल्या मालाची चाचणी करतात. घरी बांधणाऱ्याची जबाबदारी त्याच्या विवेकावर असते. तुमच्या या गृहस्थांना तीस वर्षांचा अनुभव आहे ही जमेची बाजू झाली, पण अनुभवी माणूसही स्वतःच्या कामातली चूक स्वतः पाहू शकत नाही. लेखक स्वतःची मुद्रिते तपासू लागला की जे होते तेच येथेही होते.

सर्वांत महत्त्वाची तपासणी असते ती काडतुसाचे बूड आणि बोल्टचे तोंड यांच्यातल्या मेळाची, ज्याला येथे हेडस्पेस म्हणतात. तो प्रमाणापेक्षा सैल असेल तर बार होताना काडतुसाचे पितळी कवच फाटून गरम वायू मागच्या बाजूला येऊ शकतो. आजोबा चेहरा का वळवत होते हे मग वेगळे सांगायला नको. परवानाधारक गनस्मिथ (बंदुका दुरुस्त करणारा कारागीर) मापकांनी हे काही मिनिटांत पाहतो. त्याला चापाची आणि सुरक्षा-खटक्याची तपासणीही आवर्जून करायला सांगा, कारण हौशी मंडळी नेम सुधारावा म्हणून चाप हलका करतात आणि अशी रायफल एखाद्या धक्क्यानेही सुटू शकते. काडतुसाचे नाव नळीवर कोरलेले आहे का हेही पाहा. कारखान्याच्या रायफलीवर ते असतेच, घरच्या कामात राहून जाते, आणि मग पाच जणांच्या तळावर मिळत्याजुळत्या काडतुसांची सरमिसळ व्हायला वेळ लागत नाही. पहिल्या हंगामात घरी भरलेली काडतुसे मुळीच नकोत. दुकानातली एक पेटी घ्या.

तिसऱ्या प्रश्नावर माझा उपाय असा : व्हिसाचे निमित्त करा. ‘माझ्या परिस्थितीत प्रत्येक गोष्टीचा कागद जवळ असावा लागतो’ एवढे म्हटले की कोणाला वाईट वाटत नाही.

प्रतिसाद : माळरान

वरच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत नाही. ज्यांच्यासोबत भरलेल्या बंदुका घेऊन अंधारात वावरायचे आहे त्यांच्याशी पहिलाच व्यवहार सबबीने करू नका. जे वाटते ते सरळ सांगा. त्यावर ते गृहस्थ रागावले तर त्यांच्या तळावर जाऊ नये हे तुम्हाला २,४०० डॉलर न खर्चता कळेल.

खंडाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात सांगतो. शिकारीसाठी जमीन खंडाने देणाऱ्या मालकाकडे राज्याचा वेगळा परवाना असावा लागतो, तो आहे का ते पाहा. रानाच्या हद्दी नकाशावर न पाहता स्वतः फिरून पाहा. टेक्ससमध्ये आपली गोळी परवानगीशिवाय शेजाऱ्याच्या हद्दीत जाणे हा गुन्हा आहे, आणि जखमी हरीण कुंपणापलीकडे गेले तर शेजाऱ्याला विचारल्याशिवाय त्याच्या मागे जाता येत नाही. आणि करारात पाहुणे, दारू व मधूनच सोडून जाणाऱ्याचे पैसे यांबद्दल काय लिहिले आहे ते वाचा; खंडाच्या रानातली भांडणे हरणांवरून क्वचितच होतात.

प्रतिसाद : पाचवी बंदूक (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. प्रशिक्षण पूर्ण केले, परवाना हातात आला आणि वकिलांशीही बोललो. ‘पैलतीर’ यांनी लिहिलेलेच त्यांनी सांगितले.

तिसऱ्या प्रश्नाबाबत ‘माळरान’ यांचे ऐकले. रविवारी त्या ज्येष्ठ गृहस्थांच्या यंत्रशाळेत बसून मी सरळ सांगितले की मला भीती वाटते. ते काही वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी खणातून मापके काढली आणि मेळ बरोबर असल्याचे माझ्यासमोर दाखवले. मी काहीतरी पुटपुटणार एवढ्यात ते म्हणाले की हे मोजमाप त्यांच्याच हाताने झाले आहे, तेव्हा ते मोजण्यात धरता येणार नाही. मंगळवारी आम्ही दोघे मिळून माउझर गनस्मिथकडे घेऊन गेलो.

मेळ निर्दोष निघाला. नळीवर काडतुसाचे नाव नव्हते, ते कोरून घेतले. मात्र रायफल रिकामी ठेवून, बोल्ट बंद करून दस्त्याच्या बुडावर रबरी हातोडीने ठोकले तेव्हा तिसऱ्या ठोक्याला चाप आपोआप सुटला. गेल्या वर्षीच त्यांनी तो हलका केला होता. परत येताना गाडीत ते त्याविषयी एवढेच बोलले की मागच्या हंगामात हीच रायफल भरलेल्या अवस्थेत खांद्याला लावून ते लपणाची शिडी चढले होते. ती आधी रिकामी करून मग दोरीने वर ओढून घ्यावी हे मला प्रशिक्षणात आठवडाभरापूर्वीच शिकवले होते, पण त्या क्षणी ते बोलून दाखवणे मला जमले नाही.

चापाचे काम ते नव्याने करत आहेत. यंदा मी तळावरच्या दुसऱ्या एका सभासदाची कारखान्यात बनलेली .२४३ विंचेस्टर रायफल वापरणार आहे. ती फार मागे रेटत नाही म्हणून नवख्याला बरी, असे ते ज्येष्ठ गृहस्थच म्हणाले. खंडाचे निम्मे पैसे भरले आहेत. करारात मधूनच सोडून जाणाऱ्याबद्दल एक शब्दही नाही, आणि माझी नोकरी बदलली तर मला टेक्सस सोडावे लागू शकते. अशी अट कोणी कधी करारात घालून घेतली असल्यास तिचा मजकूर कृपया येथे द्यावा. उरलेले पैसे पुढच्या शुक्रवारपर्यंत द्यायचे आहेत.