एअरब्रश घ्यायचाय, सुरुवात कशी करू?

पंखतुटका:
नमस्कार मंडळी, प्लास्टिकची मॉडेल किट्स जोडतो बऱ्याच दिवसांपासून, रंग आत्तापर्यंत हातानेच मारलेत, पण विमानाचे पंख किंवा गाडीचं बॉनेट असं काही सपाट आलं की ब्रशचे फराटे दिसतातच, कितीही पातळ करून मारा. म्हणून हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या एअरब्रशचं खूळ डोक्यात शिरलंय. पण बघायला गेलं की सिंगल अ‍ॅक्शन, ड्युअल अ‍ॅक्शन, सायफन, ग्रॅव्हिटी, ०.२, ०.३, ०.५... काही कळेना. कॉम्प्रेसरऐवजी हवेचा कॅन मिळतो तो सुरुवातीला चालेल का? आणि घरातच एका खोलीत करणार आहे, चालतं ना?

फुसफुस:
ड्युअल अ‍ॅक्शन, ग्रॅव्हिटी फीड, ०.३ मिमीची नोझल (रंग बाहेर पडतो ते टोक), विषय संपला. ड्युअल म्हणजे ट्रिगर खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग, दोन्ही तुमच्या बोटावर. सिंगलमध्ये दाबलं की दोन्ही एकदम येतात आणि रंग किती यायचा ते स्क्रूने आधीच ठरवावं लागतं. ग्रॅव्हिटीत रंगाचा कप वर असतो (सायफनमध्ये खाली) म्हणून कमी प्रेशरला आणि चार थेंब रंगातही काम होतं.

कॅन नको. फवारत राहिलं की तो गार पडतो आणि प्रेशर उतरत जातं, आणि तुम्ही बसता ब्रशला शिव्या घालत. कॉम्प्रेसर टाकीवाला घ्या, प्रेशर कमीजास्त करणारा रेग्युलेटर आणि हवेतलं पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप हवाच, नाहीतर दमट हवेत मध्येच पाण्याचा थेंब उडतो रंगावर. बजेट कमी असेल तर एअरब्रश साधा घ्या पण कॉम्प्रेसर बरा घ्या, एअरब्रश नंतर बदलता येतो.

थरावरथर:
०.३ बद्दल थोडं वेगळं मत. बारीक रेघा, कॅमोफ्लाज वगैरेला मस्तच आहे, पण प्रायमर (रंगाआधीचं अस्तर) आणि मेटॅलिक रंग त्यातून जाताना नवख्याला रडवतात. ०.४ किंवा ०.५ जास्त माफ करते. ०.२ तर आत्ता बघूच नका.

खरं सांगू का, नोझलवरून आपण भांडतो पण नवीन माणसाचं घोडं अडतं ते रंग पातळ करण्यात. दुधाइतका पातळ म्हणतात ते बरोबर आहे, कपाच्या भिंतीवरून ओघळताना मागे पातळसा थर राहिला पाहिजे. प्रेशर १५ ते २० पीएसआय, आणि हे ट्रिगर दाबून हवा चालू असताना बघायचं, कारण बंद असताना काटा जास्त दाखवतो. रंग कोळ्याच्या पायांसारखा पसरला तर फार पातळ झालाय किंवा प्रेशर जास्त आहे किंवा फार जवळून मारताय. खरखरीत, धुळीसारखा बसला तर उलटं, पोचायच्या आतच वाळतोय. अ‍ॅक्रिलिक रंग नोझलमधल्या सुईच्या टोकावर वाळतोच, थिनरमध्ये बुडवलेली इअरबड शेजारी ठेवा आणि अधूनमधून टोक पुसा, रिटार्डरचे (रंग हळू वाळावा म्हणून घालतात ते) एकदोन थेंब टाकले तरी फरक पडतो.

मॉडेलला हात लावायच्या आधी कागदावर ठिपके, रेघा, मग गडद ते फिकं. हवा आधी सुरू, रंग नंतर, थांबताना रंग आधी बंद आणि हवा शेवटी. हे बोटात बसलं की अर्धं काम झालं.

खिडकीउघडा:
खोलीचं कोणी बोललंच नाही!! वॉटर बेस्ड आहे म्हणजे नाकात गेला तरी चालेल असं नसतं, बारीक तुषार फुफ्फुसात जातातच. लॅकर किंवा सॉल्व्हंटवाला रंग असेल तर साधा कापडी मास्क काहीच कामाचा नाही, ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिज आणि त्यावर पार्टिकल फिल्टर असलेला रेस्पिरेटर लागतो. हवा बाहेर टाकणारा स्प्रे बूथ असेल तर उत्तम. आणि लॅकर मारताना आसपास ज्योत, ठिणगी काही नको, ती वाफ पेटते.

पंखतुटका:
धन्यवाद सगळ्यांना. ०.३ चा ड्युअल घेतला (थरावरथर, रागावू नका), रेस्पिरेटर पण आणला. आता कपात बुडबुडे येतायत आणि रंग मधूनच थुंकल्यासारखा उडतो. पीसच खराब आलाय का?

थरावरथर:
रागावतोय कशाला, प्रायमर मारताना आठवण काढालच. बुडबुडे म्हणजे हवा नोझलपाशी रंगाच्या वाटेत घुसतेय. नोझल नीट बसली नसेल, पुढची टोपी सैल असेल, तिथे वाळलेला रंग असेल किंवा नोझलला चीर गेली असेल. आधी सुई काढा, मग नोझल साफ करून परत बसवा, हलक्या हाताने हं, पाना घेऊन पिळू नका, ती बारीक असते, तिथेच चीर जाते.

फुसफुस:
आणि सुईचं टोक नखावर टेकवून हळूच ओढून बघा, अडकलं तर वाकलंय. टोक वाकलं की फवारा एका बाजूला जातो. सुई परत घालताना हळू सरकवा, धक्का मारून नको. तरी बुडबुडे आलेच तर नोझल भिंगातून बघा आणि फोटो टाका इथे.