केनिया पर्वतावर काटकसर करावी ती कशात?

पायवाट_७ :
माऊंट केनिया राष्ट्रीय उद्यानात परदेशी पाहुण्यांकडून दिवसागणिक शुल्क घेतले जाते. तेव्हा ज्याला कमी पैशांत ४९८५ मीटर उंचीच्या लेनाना टोकावर जायचे आहे, त्याने सर्वप्रथम दिवस कमी करावेत, असे माझे मत आहे. किलिमांजारोपेक्षा स्वस्त पडतो म्हणूनच तर आपण या डोंगराकडे वळतो. एकट्याला आत सोडत नाहीत, त्यामुळे जोडीदार हवाच, वाटाड्याही घ्यावा, पण हमाल आणि आचारी कशाला? नैरोबीहून मटाटूने (वाटून जाणाऱ्या छोट्या बसने) पायथ्याचे नान्युकी गाव गाठावे, उद्यानाच्या सिरिमोन फाटकातून चढून पहिला मुक्काम ओल्ड मोझेस तळावर व दुसरा शिप्टन्स तळावर करावा आणि तिसऱ्या पहाटे टोकावर जाऊन त्याच दिवशी खाली उतरावे. सह्याद्रीत पाठपिशवी घेऊन रात्रभर चालणाऱ्यांना हे जड जाऊ नये.

कातळकडा :
सह्याद्रीचा दाखला इथे मुळीच लागू पडत नाही. आपले कळसूबाई १६४६ मीटर. सिरिमोनचे फाटकच त्याहून सुमारे हजार मीटर वर आहे. ओल्ड मोझेस ३३०० आणि शिप्टन्स ४२०० मीटरवर, म्हणजे एका दिवसात झोपण्याची उंची ९०० मीटरने वाढते. ३००० मीटरच्या वर ती रोज ५०० मीटरहून अधिक वाढू देऊ नये, असे गिर्यारोहण वैद्यकाचे सांगणे आहे. दमदार माणूस भरभर चढतो आणि म्हणूनच अनेकदा विरळ हवेने आधी आजारी पडतो. शिप्टन्सला एक दिवस जास्त राहावे, जवळपासच्या चढावर फिरून यावे आणि रात्री पुन्हा खाली येऊन झोपावे. वाचवायचेच असेल तर जाड जॅकेट व झोपण्याची पिशवी विकत न घेता भाड्याने घ्या आणि वाटाड्याचा खर्च चौघांत वाटून घ्या.

पायवाट_७ :
आपण सांगता ती शिफारस आहे, उद्यानाचा नियम नव्हे. दोन मुक्कामांत टोक गाठून सुखरूप उतरणारे कितीतरी आहेत. डोके दुखू लागले तर खाली उतरावे, एवढे भान प्रत्येकाला असतेच.

कातळकडा :
नसते, हीच तर अडचण आहे. विमानाचे भाडे भरून आलेला माणूस पहाटे तीन वाजता, टोक जवळ आलेले असताना, डोकेदुखीसाठी मागे फिरत नाही.

नैरोबीकर :
मी इथेच राहतो, म्हणून हमालांविषयी लिहितो. हमालाची दिवसाची मजुरी परदेशी पाहुण्याच्या एका दिवसाच्या शुल्कापेक्षा कमीच असते, आणि वाढीव दिवसाचे अन्न, तंबू व इंधन चार हजार मीटरवर स्वतः वाहून नेल्यास विश्रांतीच्या त्या दिवसाचा निम्मा फायदा तिथेच जातो. त्यामुळे दोघांत एक हमाल घ्यावा, त्याच्याजवळ गरम कपडे आहेत का ते फाटकावरच पाहावे आणि त्याची बक्षिसी अंदाजपत्रकात आधीच धरावी. स्वस्त मिळते म्हणून मार्च ते मे या पावसाळ्यात येऊ नये. नारो मोरू या दुसऱ्या वाटेवरील उभ्या चढाच्या दलदलीत तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत रुततो. भारतातून येणाऱ्यांनी पीतज्वराची (यलो फीव्हरची) लसही खर्चात धरावी, कारण ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतल्याचा दाखला नसेल, तर परतल्यावर विमानतळावरूनच विलगीकरणात जावे लागू शकते, आणि त्या मुक्कामापुढे शिप्टन्सचा एक जादा दिवस स्वस्तच म्हणायचा.