प्रतिसाद: रामेछाप ते लुक्ला, अंतर आणि वेळ

नेपाळमधल्या रामेछापहून लुक्लाला (एव्हरेस्टच्या वाटेवरचं डोंगरातलं विमानतळ) विमान पाच-सहा मिनिटांत पोचतं, असं वर कुणीतरी लिहिलंय. अंतर सुमारे 74 किमी हे बरोबर, पण त्यावरून काढलेली 'पाच-सहा मिनिटं' हा ताशी 800 किमीच्या जेटचा हिशेब झाला. तिथे जातात ट्विन ऑटर, डॉर्निअर 228 यांसारखी पंख्यांची छोटी, हळू विमानं. शिवाय मंथली (रामेछापचं विमानतळ) समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरपेक्षाही कमी उंचीवर आणि लुक्ला 2,800 मीटरच्या वर, म्हणजे बराचसा वेळ चढण्यातच. 15 ते 20 मिनिटं धरा. काठमांडूहून अंतर साधारण 135 किमी, वेळ अर्धा तास.

खरा वेळ मात्र हवेत जात नाही. लुक्लाची धावपट्टी 527 मीटर, उतार जवळजवळ 12 टक्के, वरच्या टोकाला डोंगर. उतरायचं चढाच्या दिशेने, तेही डोळ्यांना दिसत असेल तरच. शेवटच्या टप्प्यात विमान परत उचलायला जागाच नाही. दुपारकडे दरीतून वर येणारा वारा उतरणाऱ्या विमानाला मागून ढकलतो, म्हणून सगळी घाई सकाळी. मंथलीहून उडायचं तर काठमांडू-मंथली रस्ता चार-पाच तासांचा, त्यामुळे काठमांडूहून रात्री एक-दोनलाच निघावं लागतं. हवा बिघडली की लुक्लातच अडकायला होतं, म्हणून परतीच्या आंतरराष्ट्रीय तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवा, एक पुरत नाही.