'इलेक्ट्रॉन लॉस'ला मराठीत काय म्हणायचं?

कृष्णाकाठ (सांगली): नववी-दहावीच्या पोरांसाठी व्हॅन अ‍ॅलन पट्ट्यांवर (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या वेगवान कणांचे पट्टे) मराठीत लिहितोय आणि 'इलेक्ट्रॉन लॉस'पाशी अडकलोय. मी 'ऱ्हास' लिहिलं तर एका सरांनी खोडलं, म्हणाले पोरांना किरणोत्सारी ऱ्हास वाटेल, इलेक्ट्रॉन फुटून संपला असं समजतील. तो संपत नाही, पट्ट्यातून जातो. मग हानी, गळती, क्षय, काय लिहू?

वाईकर: क्षय नको, लोकांना टीबी आठवतो. आणि आधी पट्ट्याचं नाव नीट घ्या, पेपरात छापतात तसा 'किरणोत्सर्गी पट्टा' नव्हे, 'प्रारण पट्टा', प्रारण म्हणजे रेडिएशन. विश्वकोशात प्रारणच आहे. आमच्या वाईत विश्वकोशाचे संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्रींच्या काळात एकेका शब्दावर माणसांनी डोकी शिणवलीत, ते सोडून पेपरातलं का उचलायचं?

हळदपेठ: प्रारण घरात कोण म्हणतं हो? माझ्या आईला केमोनंतर रेडिएशन दिलं, तिला तो शब्द लगेच कळला. रेडिएशनचा पट्टा म्हणा, लॉसला लॉस म्हणा, पोरं काय अडत नाहीत.

डोंगरवाट (पाटण): कृष्णाकाठ सर, एक शब्द शोधू नका, कारण लॉस एका प्रकारचा नाहीच. इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषेभोवती गिरक्या घेत उत्तर-दक्षिण येरझाऱ्या घालतो, जास्त ऊर्जेचा असला तर एक फेरी सेकंदाच्या आत, आणि ध्रुवांकडं क्षेत्र वाढतं तिथनं मागं वळतो. कोरस, हिस, ईएमआयसी असल्या अवकाशातल्या विद्युतचुंबकीय लहरींनी त्याच्या गतीचा रेषेशी असलेला कोन बदलला की तो वळतच नाही, खाली उतरून साधारण १०० किमीच्या आसपास हवेच्या रेणूंवर आपटतो. त्यातनं एक्स-रे निघतात, २०१३ आणि २०१४ मध्ये अंटार्क्टिकात 'बॅरल' ह्या नासाच्या प्रयोगाचे फुगे सोडून तेच मोजले. हे झालं 'गळणं'. दुसरं म्हणजे सौरवाऱ्याचा दाब वाढला की चुंबकावरणाची, म्हणजे पृथ्वीचं चुंबकत्व जिथवर चालतं त्या भागाची, सूर्याकडची कड, जी एरवी पृथ्वीच्या १० त्रिज्यांच्या आसपास असते, ती आत सरकते आणि पृथ्वीभोवती फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनची वाटच त्या कडेबाहेर जाते, ह्याला मी 'निसटणं' म्हणेन. तिसरा लॉस खोटा. चुंबकीय वादळात वलयप्रवाह, म्हणजे पृथ्वीभोवती कड्यासारखा वाहणारा विद्युतप्रवाह, वाढला की आतलं क्षेत्र क्षीण होतं, इलेक्ट्रॉन बाहेर सरकतात, त्यांची ऊर्जा घटते, उपग्रहाला कमी दिसतात, आणि वादळ शमलं की बऱ्याचदा परत येतात. ते 'ओसरणं'.

कृष्णाकाठ: गळणं-निसटणं घेतलं, ओसरणं नाही पटत. आयर्विन पुलाखालचं पाणी ओसरलं की ते खाली गेलं, परत येत नाही. सांगलीच्या पोराला हे उलटंच कळेल. आणि इलेक्ट्रॉन प्रेसिपिटेशनचं, म्हणजे इलेक्ट्रॉन खाली वातावरणात उतरतात त्याचं, काय करू?

वाईकर: अवक्षेपण.

हळदपेठ: अवक्षेपण म्हणजे परीक्षानळीच्या तळाशी बसतो तो साका. इथं तळाशी काय बसतंय?

डोंगरवाट: 'झड' का नको? आमच्याकडं पावसाळ्यात वाऱ्यानं पडवीत तिरका घुसतो तो पाऊस म्हणजे झड. इलेक्ट्रॉनही रेषा धरून तिरकेच उतरतात. झड आणि पानं झडणं मूळचं एकच असणार, माझी तर खात्री आहे.

वऱ्हाडची लेक: सासर साताऱ्यात, माहेर अकोल्याचं. आमच्याकडे झड लागली म्हणजे तीन-तीन दिवस पाऊस उघडत नाही. कोरस लहरींनी होणारे मायक्रोबर्स्ट, म्हणजे खाली उतरणाऱ्या इलेक्ट्रॉनचे क्षणिक झोत, सेकंदाच्याही आत संपतात ना, त्याला झड कसं म्हणणार? ती फार तर सर.

डोंगरवाट: पण हिस लहरी प्लाझ्मा आवरणात, म्हणजे पृथ्वीलगतच्या विद्युतभारित वायूच्या थरात, दिवसचे दिवस हळूहळू इलेक्ट्रॉन खाली घालवत राहतात, तिथं तुमची वऱ्हाडी झड बरोबर बसते की.

वाईकर: पाठ्यपुस्तकात एक शब्द अकोल्यात एक आणि पाटणला दुसरा अर्थ देत असेल तर तो परिभाषेत चालत नाही, म्हणून तर संस्कृतकडे जावं लागतं.

हळदपेठ: मग 'कोरस'ला काय करताय? स्पीकरवर ऐकलं की पहाटेच्या पाखरांसारखं वाजतं म्हणून तर ते नाव पडलं. किलबिल लहरी म्हणा सरळ.

वाईकर: 'वृंदनाद' जास्त योग्य.

वऱ्हाडची लेक: वृंदनाद कोणत्या पाखराचा ऐकलाय दादा? किलबिलच.

डोंगरवाट: किलबिलला माझं मत. पण पडवीत घुसते तिला तुमच्याकडे काय म्हणतात ते सांगा ताई, कारण इथं झडीसाठी पडवीला ताडपत्री बांधतो आम्ही.