घराण्यातलं कमी ऐकू येणं: कोणाला, केव्हापासून?

ताई: माझा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, आला. दोन्ही कानांत उंच पट्टीच्या आवाजांकडे आलेख घसरलाय. डॉक्टरांनी आधी हेच विचारलं, घरात अजून कोणाला आहे? आजोबा, बाबा, आत्या ही नावं मी सांगितली. आता पूर्ण वंशावळ हवी आहे. कोणाला, कितव्या वर्षी, एक कान की दोन्ही, एवढं लिहा. प्लीज लपवू नका.

धाकटे काका: वय झालं की सगळ्यांनाच कमी ऐकू येतं गं.

ताई: काका, माझं कुठे वय झालंय?

काकू: यांचंही चाळिशीच्या आतच सुरू झालं. टीव्हीचा आवाज तेव्हापासून वाढतोय.

वहिनी: पिल्लूची जन्मल्यावरची कानाची तपासणी नॉर्मल होती. मग काळजी नाही ना?

ताई: त्यावरून पुढचं कळत नाही वहिनी. हा प्रकार नंतर, हळूहळू सुरू होतो. डॉक्टरांना घरातला इतिहास सांग, ते किती दिवसांनी तपासायचं ते ठरवतील.

दादा: आपल्याकडे प्रत्येक पिढीत दिसतंय. अशा वेळी बहुधा आई किंवा वडील, एकाकडून सदोष जनुक आलं तरी पुरतं. प्रत्येक मुलामुलीला ते मिळायची शक्यता 50 टक्के. निव्वळ आईकडून येणारा एक प्रकारही असतो, मायटोकाँड्रियातला, म्हणजे पेशींना ऊर्जा देणाऱ्या भागातल्या जनुकांचा. त्यातल्या काहींचे कान जेंटामायसिनसारख्या अँटिबायोटिक औषधाने झपाट्याने जातात. पण आजोबांकडून बाबांना आलं, म्हणजे आपला तो नाही. कोस्टा रिकातल्या एका मोठ्या कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या बहिरेपण होतं. तिथे खालच्या पट्टीचे आवाज आधी जायचे. 1992 मध्ये त्यामागच्या जनुकाची जागा पाचव्या गुणसूत्रावर सापडली, 1997 मध्ये जनुकही. घरातल्या इतक्या जणांनी माहिती आणि रक्त दिलं, म्हणून ते जमलं.

आत्या: मला व्हॉइस नोट पाठवू नका, लिहा. आवाज येतो, शब्द कळत नाहीत. स, श, फ निसटतात. ओरडून उपयोग नाही. समोर या, तोंड दिसू दे आणि नेहमीच्या आवाजात बोला. माझ्या वडिलांनी चार माणसांत बसणं सोडलं तेव्हा सगळे त्यांना तुसडे म्हणाले. ते तुसडे नव्हते रे. त्यांना बोलणं कळत नव्हतं आणि परत परत 'काय?' विचारायची लाज वाटायची.

ताई: आत्या, हे मला माहीतच नव्हतं. म्हणूनच मी कानाचं मशीन आत्ताच लावणार आहे. गेलेलं परत येणार नाही, पण माणसांतून उठून जावं लागणार नाही. पुढे मशीनही पुरेनासं झालं, तर कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायच्या यंत्राचा, विचार करता येतो.

धाकटे काका: माझं लिही. अडतिसावं वर्ष, दोन्ही कान. तपासणीलाही येतो.

वहिनी: जनुकाची तपासणी पिल्लूची करायची का आधी?

ताई: नाही, ज्याला त्रास आहे त्याच्यापासून सुरुवात करतात. त्याच्यात जनुक सापडलं, तर बाकीच्यांत नेमकं तेच शोधता येतं. आत्या, तू देशील रक्त?

आत्या: देते की. उपाशीपोटी यायचं का?

ताई: नाही, जेवून ये.